सातशे नव्वद फुटांचा एक दिवस

३ जून २०२४

काकू स्वतः आल्या, रिक्षाने. कापडी पिशवीत दोन पत्र्याचे डबे, एक फुलस्केप वही आणि सगळ्यात वर चकलीचा डबा. चकल्या माझ्यासाठी होत्या हे निघताना सांगितलं.

"माळा रिकामा केला. आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला जातेय. दादांची फिल्म आहे, बघ काही होतंय का."

दादा म्हणजे त्यांचे वडील. व्यवसायाने पेंटर, म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारे. राहायला नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. पानशेतच्या पुरात वाडा गेला. काकू तेव्हा सात वर्षांच्या. त्या घराचा एकही फोटो उरलेला नाही, जे काही आहे ते या फिल्ममध्ये. ही फिल्म काकूंनी शेवटची पाहिली ती लग्नाआधी, चादरीवर, कुणाचा तरी प्रोजेक्टर आणून.

डबा उघडला तशी व्हिनेगरची झुळूक आली. अगदी नाकात घुसेल इतकी नाही, पण आहे. ॲसिटेट बेस, म्हणजे फिल्मची मूळ प्लास्टिकची पट्टी, कुजायला लागला की असा वास सुटतो आणि एकदा सुटला की मागे फिरत नाही, फक्त त्याचा वेग कमी करता येतो. काकूंना वेगळीच भीती. "ही पेट घेत नाही ना?" २००३ साली पुण्यात नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणारी जुनी रिळं जळाली होती ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यांना सांगितलं, १६ मिमी फिल्म घरगुती वापरासाठी १९२३ मध्ये काढली तीच सेफ्टी बेसवर. ही कुजेल, जळून भडका उडणार नाही. त्याने त्यांचं समाधान कितपत झालं कोण जाणे. डबे मी स्वयंपाकघरापासून लांब ठेवावेत असं दोनदा सांगून गेल्या.

५ जून

रिवाइंडरवर हाताने सोडून पाहिली. सुती मोजे, भिंग, लाइट बॉक्स, खाली पांढरं कापड. कडा काळ्या, म्हणजे रिव्हर्सल. कॅमेऱ्यात फिरली तीच फिल्म धुऊन पॉझिटिव्ह झाली. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. हिला ओरखडा पडला तर तो कायमचा.

पहिल्या रिळात ४१० फूट, दुसऱ्यात ३८०. एकूण ७९०. फुटाला ४० फ्रेम, म्हणजे ३१,६०० फ्रेम. फिल्म-सिमेंटने चिकटवलेले सांधे ८३, त्यातले ११ उघडायला आलेले. ते आधी बांधून घ्यावे लागतील. आकसणं मोजलं. नव्या फिल्मवर १०० फ्रेमची लांबी ७६२ मिमी भरते, इथे ७५६. पाऊण टक्क्याच्या वर. दातेरी चाकांच्या प्रोजेक्टरवर चढवायची नाही, म्हणजे नाही. रोलरवर चालणारा स्कॅनर हवा.

सांधे सुबक आहेत. पाट्या रंगवणाऱ्याचा हात.

८ जून

दिवसभर कडाच वाचल्या. कोडॅक फिल्मच्या काठावर गोल, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा छापत असे. त्यांच्या जोडीवरून फिल्म कारखान्यातून कोणत्या वर्षी निघाली ते कळतं. अडचण एवढीच की वीस वर्षांनी तीच खूण पुन्हा येते. पहिल्या रिळाची खूण तक्त्यात पाहिली तर १९४० किंवा १९६०. चाळीस तर नाहीच, कारण एका वाण्याच्या पाटीवर 'न. पै.' लिहिलंय आणि नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. तेव्हा साठ.

दुसऱ्या रिळात साधारण पन्नास फुटांनंतर खूण बदलते. तिथून शेवटपर्यंत १९६१. फार विचार केला नाही. आधी एक खोका संपला, मग दुसरा आणला असेल.

१२ जून

वही. हे खरं घबाड.

डाव्या पानावर हिशोब, उजव्या पानावर फिल्म. 'दर्शनी पाटी, ६ फूट, पिवळ्यावर तांबडा, बाकी येणे ४ रु.' आणि समोर 'पूल. सायकली. ऊन डावीकडून. ७.४०.' अक्षर असं की वहीतल्या रोजच्या ओळीसुद्धा फ्रेम करून लावाव्यात. फिल्मची कल्पना पहिल्याच पानावर: 'पहाटेपासून निजेपर्यंत. आपल्या गावाचा एक दिवस. कोणी नट नाही.' नाव ठरलेलं, 'आजचा दिवस'. त्या नावाची पाटी रंगवतानाची तीन स्केचेस, त्यात 'च' चा काना किती झुकवायचा यावर खल.

कॅमेरा त्यांचा नव्हता. लक्ष्मी रोडवरच्या एका फोटो स्टुडिओचा चावीचा बोलेक्स. स्टुडिओची पाटी फुकट रंगवून दिली, त्या बदल्यात सुट्टीच्या वारी कॅमेरा. सुट्टी सोमवारी. त्यामुळे अख्खी फिल्म सोमवारची आहे. एका पानावर वैतागून लिहिलंय, 'लक्ष्मी रोड. दुकाने बंद. सोमवार. दुपारची झोप म्हणून चालवावे.'

म्हणजे पुणेकरांच्या दुपारच्या झोपेचा चित्रित पुरावा म्हणून जो शॉट उद्या व्हॉट्सॲपवर फिरणार आहे, तो साप्ताहिक सुट्टीचा आहे. हे मी कुणाला सांगितलं तरी कुणी ऐकणार नाही.

१९ जून

सांधे बांधून झाले. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड, फुटाफुटाने पुसत. कापड दर वीस फुटांना काळं. रिळं स्कॅनिंगला रवाना. २के, म्हणजे सुमारे दोन हजार पिक्सेल रुंद, प्रत्येक फ्रेमची वेगळी डीपीएक्स फाइल. एका फ्रेमला साधारण १२.७ एमबी, म्हणजे सगळी मिळून ४०० जीबी. सूचना कागदावर लिहून दिल्या: फ्रेम पूर्ण घ्या, कडांसकट, काही साफ करू नका, काही धारदार करू नका.

४ जुलै

हार्ड डिस्क आली. लावली. पुलावरच्या सायकलींचा शॉट लागला, आणि सगळे रस्त्याच्या उजव्या बाजूने. आता पुण्यात एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पुढच्या शॉटमध्ये नऊवारीतल्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर. मग पाटी आली आणि 'भांडार' उलटं वाचलं. स्कॅनिंगवाल्यांनी फिल्म पालथी चढवलेली. चमकती बाजू कुठे, मंद बाजू कुठे, हे पाहिलंच नाही.

आरसा उलटवणं एका क्लिकचं काम, पण आतून सतत वाटत राहतं की यांनी आणखी काय पाहिलं नसेल. फोन केला. "मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये फ्लिप करा ना." केलं. बाकी स्कॅन बरा आहे. कडा घेतल्यात, धारदार केलेलं नाही. त्यांच्याशी भांडण पुढे ढकललं.

रात्री सगळं सलग पाहिलं, एकदाच, नोंदी न करता.

बंबात जळण सारताना एक हात. गवळ्याच्या सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन, आणि तो मापाने दूध ओतताना कॅमेऱ्याकडे बघून थोडं जास्त ओततो. लकडी पुलावर सायकलींचा लोंढा, धोतरं, टोप्या, मागे कॅरियरला डबा. एका पोराचा पाय सीटवरून पोचत नाही म्हणून तो दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत सगळ्यांच्या पुढे जातो. ओंकारेश्वराजवळ धुणी. मंडईत आठकोनी मनोऱ्यावरून कॅमेरा हळूहळू खाली येतो आणि कोथिंबिरीच्या जुड्यांवर थांबतो. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस: डाव्या हातात स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या खणांवर, बोटं न बघता खिळा उचलतात. या शॉटवर दादा रेंगाळलेत. अक्षरांचा माणूस अक्षरांच्या माणसाकडे बघतोय. चावी संपेपर्यंत कॅमेरा हललेला नाही.

पूर्ण चावीवर बोलेक्स साधारण साडेसोळा फूट चालतो, मग स्प्रिंग संपते. हा शॉट ६५५ फ्रेमचा आहे. म्हणजे सोळा फुटांच्या वर. शेवटच्या दाण्यापर्यंत पिळून काढलाय.

९ जुलै

वेगाचा प्रश्न. मूक फिल्म सेकंदाला १६ फ्रेमनेही घेत, २४ नेही. ३१,६०० फ्रेम २४ ने चालवल्या तर २२ मिनिटं, १६ ने ३३ मिनिटं. २४ ने माणसं लगबगीने चालतात, पण पुलावर सकाळी पावणेआठला माणसं लगबगीने चालणारच. अंदाजावर सोडायचं नव्हतं.

उपाय फिल्ममध्येच सापडला. सकाळच्या भागात पडवीतल्या भिंतीवर लंबकाचं घड्याळ आहे. काकूंना फोन केला. "ते? आहे की, हॉलमध्ये. चावी दिली की चालतं."

गेले. चहा झाला, चावी दिली, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून लंबकाचे दहा पूर्ण हेलकावे मोजले. पाच वेळा. दर वेळी नऊ सेकंदांच्या आसपास. घरी येऊन फिल्ममधले दहा हेलकावे मोजले: १४५ फ्रेम. १४५ भागिले ९, सोळाला किंचित जास्त. घड्याळ साठ वर्षांत थोडं मागेपुढे झालं असेल असं धरलं तरी २४ कुठल्या कुठे राहिले.

१६ फ्रेम. ३३ मिनिटं. माणसं आता माणसांसारखी चालतात. या कामात इतका निखळ आनंद फार वेळा मिळत नाही, म्हणून तारीख लिहून ठेवतेय.

१४ जुलै

कमला नेहरू पार्कजवळच्या ज्येष्ठ मंडळींच्या कट्ट्यावर लॅपटॉप घेऊन गेले. जागा ओळखून हव्या होत्या. सरासरी वय ऐंशी, आवाज पंचविशीचे.

एकूण फलित: चार जागा नक्की, सहा वादग्रस्त. एका आजोबांनी मंडईला तुळशीबाग ठरवलं आणि शेवटपर्यंत मागे हटले नाहीत. मनोरा दाखवला तर म्हणाले, तो मागे दिसतोय. बस कुठल्या रंगाची होती यावर दहा मिनिटं गेली. फिल्म कृष्णधवल आहे. नदीकाठचा शॉट पाहून एका आजींनी विचारलं, "बालगंधर्व कुठंय?" तिथे एकमत झालं: रंगमंदिर १९६८ चं, तेव्हा फिल्म त्याआधीची. हे मला काठावरच्या खुणेने आधीच कळलं होतं, पण मी गप्प बसले. एवढ्या एकमताची वेळ कट्ट्यावर पुन्हा कधी येणार.

एका टांग्यामागे भिंतीवर 'सांगत्ये ऐका' चं पोस्टर आहे. मला वाटलं, तारीख मिळाली. तर तो सिनेमा आला १९५९ ला आणि विजयानंद टॉकीजला शंभराहून जास्त आठवडे हलला नाही. तारीख ठरवायला त्याच्याइतकं निरुपयोगी पोस्टर पुण्यात दुसरं नसेल.

सगळ्यांनी आपापलं पुणं पाहिलं. पुलावरच्या एकाच सायकलवाल्यात तिघांना तीन वेगवेगळे ओळखीचे दिसले. 'शुभं करोति'चा शॉट आला, दोन वेण्यांची मुलगी हात जोडून बसलेली, तेव्हा मात्र कुणी बोललं नाही.

२५ जुलै

पहाटेपासून कोसळतोय. खडकवासल्यातून विसर्ग, भिडे पूल पाण्याखाली, सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी. मोबाइलवर तेच ते व्हिडिओ. माझं घर उंचावर आहे, तरी डिस्क आणि डबे कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. उगाच.

काकूंचा फोन, दोनदा. पहिल्यांदा पाऊस किती विचारायला. दुसऱ्यांदा, "डबे वर ठेवलेस ना?"

काम नाही.

३ ऑगस्ट

पाट्यांची यादी करत होते. फिल्ममध्ये जितक्या पाट्या वाचता येतात तितक्या, फ्रेम नंबरासह. वहीतल्या हिशोबाशी जुळवून यातल्या दादांनी रंगवलेल्या कुठल्या ते काढायचं होतं. कामाशी थेट संबंध नाही. मला हौस.

वाण्याचं दुकान दोनदा येतं, सकाळी आणि दिवेलागणीला. वहीप्रमाणे मुद्दाम: 'सकाळी गर्दी, सायंकाळी तेच दुकान, तीच जागा.' जागा तीच आहे. कॅमेराही जवळजवळ तिथेच. पण पाटी वेगळी. सकाळी जुनाट, कोपरा उडालेली, आणि दुकानाचं नाव गोल वळणाच्या अक्षरात. संध्याकाळी कोरी करकरीत, अक्षर दादांचं, तो झुकलेला काना लपत नाही.

मग तराजू पाहिला. सकाळी पारड्यात गोल वजनं आणि स्लेटवर तूर डाळीपुढे 'शेर'. संध्याकाळी पारड्याशेजारी षटकोनी बिडाची वजनं. ती किलोची. मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, देशभर सक्ती झाली १९६२ ला.

वाणी सकाळी शेराने विकतोय आणि त्याच संध्याकाळी किलोने.

काठावरच्या खुणा पुन्हा काढल्या. सकाळचं दुकान १९६० च्या फिल्मवर, संध्याकाळचं १९६१ च्या. आठ जूनला मी लिहिलं होतं, फार विचार केला नाही. खरंच केला नव्हता.

४ ऑगस्ट

वही पुन्हा. उजवी पानं फेब्रुवारी ते जून १९६१ भरलेली. मग कोरी. पण डावी पानं कोरी नाहीत! जुलैच्या शेवटापासून हिशोबच हिशोब, दिवसाला तीन-तीन पाट्या, बारीक अक्षरात, समासातसुद्धा. पानशेत फुटलं १२ जुलैला, मागोमाग खडकवासला. पाणी ओसरल्यावर पेठांमधल्या दुकानांना चिखल काढून झाल्यावर पहिली कुठली गोष्ट लागली असेल तर नवी पाटी. दादांचं घर गेलं आणि धंदा दुप्पट झाला. त्या महिन्यांच्या नोंदीत घराविषयी एक ओळ आहे: 'रंगाचे डबे वाहून गेले, १४ नग.'

फिल्मची पुढची नोंद थेट मार्च १९६२. 'राहिलेली संध्याकाळ घेणे.'

पूर कुठेच नाही. कॅमेरा स्टुडिओत, उंचावर. तोवर घेतलेली रिळं धुवायला मुंबईला गेलेली, म्हणून वाचली. पण पाणी ओसरल्यावर कॅमेरा मागून आणता आला असता. पडझड, चिखल, माणसं, सगळं दारात होतं. त्यांना एक दिवस काढायचा होता आणि त्यांनी तो तसाच पुरा केला. दुसऱ्या रिळात, अठ्ठावन्नाव्या सांध्यावर, दुपार संपते आणि संध्याकाळ सुरू होते. मध्ये नऊ महिने.

शहराचा एक दिवस म्हणून काढलेल्या फिल्मा अशा अनेक दिवसांच्याच असतात. १९२७ ची रुटमानची बर्लिनवरची फिल्म पहाटेपासून रात्रीपर्यंतची, चित्रण वर्षभराहून जास्त चाललेलं. ते शिकताना मी हे परीक्षेत लिहिलंय. पण बर्लिनच्या त्या वर्षात दिग्दर्शकाचं घर वाहून गेलं नव्हतं.

आता संध्याकाळचे शॉट वेगळे दिसतात. नदीकडच्या बोळातला एक आहे: मुलं विटीदांडू खेळतात, मागे चुन्याची भिंत. भिंतीवर मुलांच्या डोक्याच्या कितीतरी वर एक आडवी रेघ. खाली गडद, वर फिकट. दहा वेळा पाहिली असेल मी ती, आणि छाया समजत होते.

१६ ऑगस्ट

काकूंना बोलावलं. कसं सांगायचं ते ठरवलं नव्हतं.

अडचण अशी: घरातले शॉट दोन ठिकाणी आहेत. सकाळी पडवी, चौक, बंब, वेण्या घालून घेणारी मुलगी. रात्री खोली, भिंतीवर घड्याळ, 'शुभं करोति', पाटावर जेवणं. काकू दोन्ही 'आमचं जुनं घर' म्हणतात. घड्याळ दोन्हीकडे तेच. पण वाडा बारा जुलैला पडला असेल तर रात्रीची खोली त्या वाड्यातली असूच शकत नाही.

मी गोल गोल बोलत राहिले. काकूंनी मला थांबवलं आणि 'शुभं करोति'चा शॉट पुन्हा लावायला सांगितला. मग सकाळचा. मग पुन्हा हा.

"माझे दात बघ."

सकाळी वेणी ओढली जाते तशी मुलगी ओरडते, आणि वरचे दोन दात नाहीत. रात्री श्लोक म्हणताना दोन्ही आहेत, चांगले रुंद, नवे.

"एका दिवसात आले," काकू म्हणाल्या आणि हसायला लागल्या. मग चष्मा काढून पुसला, बराच वेळ.

नंतर सांगत होत्या. आईने घड्याळ उचललं आणि धाकट्याला कडेवर घेतलं. दादांनी धान्याचा डबा घेतला, तो वाटेत सोडून द्यावा लागला. घड्याळाला काय झालं नाही, त्यावरून नंतर घरात खूप वर्षं चेष्टा. पुढचं वर्ष ते सगळे मावशीच्या घरी, सदाशिव पेठेत, एका खोलीत. "ही ती खोली. खिळा मामांनी ठोकला होता. घड्याळ तिरकं लागलं म्हणून दादा चिडलेले. आणि फ्रॉक! तो मला आखूड झाला होता, तरी तोच घालायला लावला."

जुळवाजुळव सगळी दादांची. तोच फ्रॉक, तेच घड्याळ, त्याच वेण्या. दात तेवढे राहिले.

जाताना विचारलं, "मग आमच्या घराचं किती आहे यात?"

मोजून सांगितलं. तीन शॉट, ४९० फ्रेम. अर्ध्या मिनिटाला थोडं जास्त.

"बरं," म्हणाल्या.

२४ ऑगस्ट

काकूंच्या नातवाने उत्साहाने फिल्मची पाच मिनिटं एआयने रंगीत करून, ४के करून, बासरी घालून पाठवली. मुलगा चांगला आहे, म्हणून रागावता येत नाही. साड्या सगळ्या गुलाबी किंवा मोरपंखी. छापखान्यातल्या माणसाच्या दोन बोटांची तीन झालीत. पाट्यांवरची अक्षरं गुळगुळीत होऊन कुठल्याच लिपीतली राहिलेली नाहीत. दादांच्या अक्षरांची ही गत.

आणि बोळातली भिंत. मशीनने तिला छान क्रीम रंग दिला, वरपासून खालपर्यंत एकसारखा. रेघ डाग समजून पुसली.

त्याला दोन्ही फ्रेम शेजारी शेजारी लावून पाठवल्या, काही न लिहिता. तासाभराने उत्तर आलं, "ओह." नंतर, "मग नाव 'पानशेतच्या आठवणी' ठेवायचं का? लोक बघतील." मी लिहिलं, नाव आजोबांनी ठेवलंय, पहिल्या फ्रेमला आहे, रंगवून.

१० सप्टेंबर

गणपती. समोरच्या मंडळाचा स्पीकर. मूक फिल्मवर काम करायला तशी हरकत नाही.

ठरलं ते असं. वेग १६. रंग नाही, संगीत नाही. ओरखडे राहतील. सांध्यावरचा फ्रेमचा झटका तेवढा स्थिर केला, अठ्ठावन्नावा सोडून. तो जसा आहे तसा. खुलाशाची पाटी वगैरे काही जोडायची नाही. पुढे कुणाला लागलं तर वेगळ्या फाइलमध्ये दोन पानं लिहून ठेवतेय: कुठला शॉट केव्हाचा, कशावरून. मूळ रिळं हवेशीर प्लास्टिकच्या डब्यांत भरली. लॉ कॉलेज रोडच्या फिल्म संग्रहालयात ठेवायला द्यावीत असं माझं मत. काकू म्हणाल्या, विचार करून सांगते. म्हणजे सध्या माझ्या फळीवर.

२९ सप्टेंबर

काकूंच्या हॉलमध्ये पाहिली. दहा-बारा जण, चादर नाही, टीव्ही. नातवाने टीव्हीचं 'मोशन स्मूदिंग', म्हणजे मधल्या फ्रेम स्वतःच बनवून हालचाल गुळगुळीत करायची सोय, आपणहून बंद केलं. त्याला पूर्ण माफी.

तेहतीस मिनिटं घरात कुणी फोन काढला नाही. गवळी जास्त दूध ओततो तिथे हशा. लक्ष्मी रोडच्या बंद दुकानांवर अपेक्षेप्रमाणे "दुपारी एक ते चार!", आणि मी सोमवारचं सांगायचा प्रयत्न केला, अपेक्षेप्रमाणे कुणी ऐकलं नाही. पडवी आली तेव्हा काकूंनी नुसतं बोट दाखवलं. अर्धं मिनिट बोट तसंच.

'शुभं करोति'ला नात म्हणाली, "आजी, घड्याळात किती वाजलेत?"

मी मागे नेऊन थांबवलं. इतके महिने लंबक मोजला, काटे पाहिलेच नव्हते. २के मध्ये स्वच्छ दिसतात. दहा चाळीस. आणि मुलीच्या गालावर दारातून आलेलं ऊन.

"सकाळचेच," काकू म्हणाल्या. "दिव्याच्या उजेडात फिल्म उमटत नाही म्हणाले. पावणेअकराला शुभं करोति म्हणायला बसवलं मला, शाळा बुडवून. बाईंनी दुसऱ्या दिवशी उभं केलं."